ट्रॅक्टरचे डिझेल: आधी तासाचे माप, मग एकराचा हिशेब

मे महिन्यात अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याच्या शिवारातली पऱ्हाटी निघते, वावरे मोकळी होतात आणि ट्रॅक्टरला दिवसरात्र काम लागते. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तो आपली वाहिती आटोपून दुसऱ्याची भाड्याने करतो. ज्याच्याकडे नाही तो एकरी दर ठरवून बोलावतो. दोघांच्याही हिशेबात डिझेलचा खर्च ठळक असतो. पण मोटरसायकल लिटरला किती चालते हे चटकन सांगणाऱ्या कास्तकाराला, रोटाव्हेटरच्या एका एकराला किती डिझेल लागते असे विचारले, की उत्तर चाचरत येते. आकडा असतो, पण तो बहुतेक वेळा ऐकीव असतो. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा आणि दुसऱ्याच्या जमिनीतला.

आपला आकडा आपल्याला काढता येतो. त्यासाठी एक खात्रीचे माप, एक वही आणि थोडी चिकाटी पुरते. तो हाती आला की हंगामाला किती डिझेल लागेल, भाड्याचा दर परवडतो की नाही आणि इंजिनात काही बिघडायला लागले आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातून निघतात.

किलोमीटर इथे कामाचे नाहीत

मोटारीचे इंधन किलोमीटरवर मोजतात, कारण मोटारीचे काम अंतर कापणे हेच आहे. ट्रॅक्टर मात्र थ्रेशरला जोडून दिवसभर एका जागी उभा राहतो, नांगर ओढताना ताशी चार-पाच किलोमीटरनेच चालतो आणि ट्रॉली घेऊन त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने धावतो. तिन्ही कामांत इंजिन राबतेच. म्हणून त्याचे पहिले माप लिटर प्रति तास हे आहे.

समुद्रात हौसेने गळाची मासेमारी करायला जाणाऱ्या मोटरबोटींचा हिशेबही असाच चालतो. मागे आउटबोर्ड इंजिन लावलेल्या फायबरच्या बोटीलाही लिटरला किती किलोमीटर हा प्रश्न लागू पडत नाही, कारण भरती, वारा आणि बोटीवरचे वजन यांनी रोजचा आकडा बदलतो. बोटवाले आधी तासाचा खप काढतात. फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ०.३८ लिटर पेट्रोल जाळते, हा त्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे १०० अश्वशक्तीला ३८ लिटर. बेताच्या वेगात तीच बोट तासाला २० लिटर घेत असेल आणि तासाला २० सागरी मैल जात असेल, तर मैलाला एक लिटर पडले. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. शिवाय टाकीतले एक तृतीयांश इंधन जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेले राखीव, असा पाण्यावरचा जुना नियम आहे.

यातली रीत तेल्हाऱ्याच्या कास्तकाराने जशीच्या तशी उचलावी. आधी तासाचा खप काढायचा, मग एका तासात काम किती झाले ते पाहायचे आणि दोहोंचा भागाकार करायचा. बोटीचे काम मैलात मोजतात, ट्रॅक्टरचे एकरात.

कागदावरचा पहिला अंदाज

ट्रॅक्टर घेण्याआधी किंवा हंगामाच्या तोंडावर ढोबळ आकडा हवा असेल तर तो अश्वशक्तीवरून काढता येतो. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन पूर्ण भाराला एक किलोवॅट-तास काम करायला साधारण २५० ग्रॅम डिझेल घेते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम आणि एक अश्वशक्ती म्हणजे पाऊण किलोवॅटला थोडी कमी. हे सगळे मांडले की एका अश्वशक्तीला तासाला सुमारे ०.२२ लिटर येते. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पूर्ण भारावर तासाला १० लिटर.

शेतात इंजिन पूर्ण भारावर क्वचितच चालते, म्हणून या १० लिटरांचा कामाप्रमाणे हिस्सा धरायचा. पलटी नांगर आणि रोटाव्हेटर ही जड कामे. तिथे ६० टक्के, म्हणजे ६ लिटर. पंजीला ४५ टक्के म्हणजे साडेचार लिटर, भरलेल्या ट्रॉलीला ४ लिटर, पेरणीला साडेतीन लिटर. नुसता उभा राहून घरघरणारा ट्रॅक्टरही तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल पितो. हलक्या कामात आकडा या हिशेबापेक्षा थोडा वर राहतो, कारण इंजिनाला स्वतःला फिरवत ठेवण्याचा खर्च काम कमी असले तरी तेवढाच असतो.

तासावरून एकरावर

तासाला किती एकर होते हे अवजाराची रुंदी आणि चालण्याचा वेग यांवरून ठरते. एक मीटर रुंदीचे अवजार ताशी एक किलोमीटरने चालले तर तासाला १,००० चौरस मीटर, म्हणजे ०.२४७ एकर जमीन होते. म्हणून सूत्र असे: मीटरमधली रुंदी गुणिले ताशी किलोमीटर गुणिले ०.२४७. आलेल्या उत्तराला ०.७५ किंवा ०.८ ने गुणायचे, कारण धुऱ्यावर वळण्यात, तासावर तास, म्हणजे ओळीवर ओळ, थोडा चढवण्यात आणि थांबण्यात पाचवा ते चौथा हिस्सा वेळ जातोच.

सहा फुटी रोटाव्हेटर १.८३ मीटरचा असतो. तो ताशी ३ किलोमीटरने चालला आणि ०.८ धरले तर तासाला १.०८ एकर होते. तासाला ६ लिटर जात असतील तर एकराला साडेपाच लिटर.

दोन फाळी पलटी नांगराची रुंदी सुमारे ०.६ मीटर, वेग ताशी साडेचार किलोमीटर आणि गुणक ०.७५ धरला तर तासाला जेमतेम अर्धा एकर होतो. तासाला तेच ६ लिटर, पण एकराला १२.

नऊ फणी पंजी दोन मीटरची, वेग ५ किलोमीटर. तासाला जवळपास दोन एकर आणि एकराला सव्वादोन लिटरांच्या आसपास. पेरणी यंत्रही दोन मीटरचे, पण बी-खत भरायला थांबावे लागते म्हणून गुणक ०.६५ धरावा. ताशी ४ किलोमीटरने तासाला सव्वा एकर होतो, एकराला पावणेतीन लिटर लागतात.

नुसता तासाचा आकडा फसवतो तो इथेच. एक ट्रॅक्टर तासाला ५ लिटर घेतो पण ०.९ एकरच करतो. दुसरा ६ लिटर घेतो आणि सव्वा एकर करतो. पहिला कमी पितो असे गावात बोलले जाईल, पण त्याला एकराला ५.६ लिटर पडले आणि दुसऱ्याला ४.८. दहा एकरांमागे दुसऱ्याने आठ लिटर वाचवले.

टाकीच्या तोंडाशी खरे माप

कागदावरचा अंदाज इथवर आणतो. खरा आकडा मात्र टाकीतून निघतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, शक्यतो दर वेळी त्याच जागी आणि त्याच दिशेला तोंड करून. उतारावर टाकी तिरपी होते आणि दोन-तीन लिटरांचा फरक सहज पडतो. डिझेल टाकीच्या गळ्यापर्यंत भरावे. भरताना वर फेस येतो, त्यामुळे टाकी भरल्यासारखी दिसते. पाच मिनिटे थांबले की फेस बसतो आणि पातळी खाली जाते. मग गळ्यातल्या एखाद्या ठरलेल्या खुणेपर्यंत, जाळीच्या काठापर्यंत म्हणा, हळूहळू ओतून पुरे करावे. तासमापकाचा आकडा वहीत लिहावा आणि कामाला जावे.

काम संपले की त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत लिटरच्या मापाने डिझेल भरावे. जितके लिटर मावले तितके खर्च झाले. ही मोजणी थंड वेळी, सकाळी केलेली बरी. अकोल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या टाकीतले डिझेल फुगते. पंधरा अंशांच्या फरकाला साधारण सव्वा टक्का.

तासाभराच्या कामावर मोजणी करू नये. खुणेपर्यंत भरण्यात अर्धा लिटर इकडचा तिकडे होणारच. पाच लिटरांच्या कामात ती १० टक्क्यांची चूक ठरते. दिवसभराच्या ४० लिटरांत तीच सव्वा टक्क्यावर येते. नांगरणीचा, रोटाव्हेटरचा आणि पेरणीचा असा प्रत्येकी एक पूर्ण दिवस वेगवेगळा मोजावा. एकाच दिवशी तीन कामे मिसळली तर आकड्यातून काहीच कळत नाही.

तासमापकाचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या यांत्रिक तासमापकाचा काटा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरलेल्या फेऱ्यांना तो घड्याळाबरोबर धावतो, कमी फेऱ्यांना मागे पडतो. नव्या इलेक्ट्रॉनिक मापकात इंजिन चालू असलेला वेळ मोजला जातो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत मनगटावरचे घड्याळही पाहून दोन्ही वेळा लिहाव्यात, म्हणजे आपला मापक कोणत्या जातीचा आहे ते समजते.

पंपावरच्या मापाची शंका असेल तर ती तिथेच फेडून घ्यावी. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले ५ लिटरचे माप पंपावर ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितले तर त्यात मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो.

जमीन, वाफसा आणि घसरणारे चाक

शेजारी-शेजारी गावांत एकाच कंपनीचे ट्रॅक्टर असूनही आकडे जुळत नाहीत, याला तेल्हारा तालुका हेच चांगले उदाहरण आहे. उत्तरेला सातपुड्याचा पायथा आहे. वारी भैरवगडजवळ वान नदीवर हनुमान सागर धरण आहे. पायथ्याकडे जमीन तुलनेने हलकी, निचऱ्याची. दक्षिणेकडे पूर्णेच्या बाजूला उतरत गेले की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या खोल काळ्या मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की दगडासारखी घट्ट होते. दोन्ही टोकांना ट्रॅक्टरला जोर जास्त लागतो, आणि मधला वाफसा थोडेच दिवस टिकतो. वाफशावर धरलेले काम आणि वाफसा गेल्यावर ओढलेले काम यांच्या डिझेलचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. दुसऱ्या वर्षी घाई कुठे करायची आणि कुठे थांबायचे हे ठरवायला तेच उपयोगी पडतात.

चाक किती घसरते हेही मोजता येते. मागच्या टायरच्या बाजूला खडूने एक रेघ ओढावी. अवजार वर उचलून त्याच वावरात चाकाच्या दहा फेऱ्या चालावे आणि अंतर पायांनी नव्हे, टेपने मोजावे. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला असणाऱ्या १३.६-२८ मापाच्या टायरचे हे अंतर ४० मीटरच्या जवळपास भरते. आता नांगर जमिनीत टाकून पुन्हा दहा फेऱ्या मोजाव्यात. अंतर ३४ मीटर भरले तर सहा मीटर वाया गेले, म्हणजे घसरण १५ टक्के. १० ते १५ टक्क्यांपर्यंत ठीक. ३० मीटरच भरले तर घसरण २५ टक्के झाली. चाकाने चार फेऱ्या मारल्या त्यातली एक फुकट गेली आणि तिचे डिझेलही गेले. अशा वेळी चाकांवर वजन वाढवावे, टायरमधली हवा मॅन्युअलप्रमाणे आहे का ते पाहावे, नांगराची खोली थोडी कमी करावी. रस्त्यावर ट्रॉली ओढताना हवा जास्त लागते आणि शेतात कमी. वर्षभर एकच हवा ठेवली तर दोहोंपैकी एका कामात नुकसान होते.

वावराचा आकारही डिझेल खातो. धुऱ्यावर वळायला २० सेकंद लागतात असे धरू. ताशी साडेचार किलोमीटरने २०० मीटरचा तास उरकायला १६० सेकंद लागतात, म्हणजे एकूण वेळेपैकी ११ टक्के वळण्यात गेला. तास ५० मीटरचा असेल तर तो ४० सेकंदांत संपतो आणि पुन्हा वळण. तिथे ३३ टक्के वेळ वळण्यातच जातो. शक्य तिथे लांबीच्या बाजूने वाहिती करावी. भाड्याने ट्रॅक्टर लावणाऱ्याच्या वावराचे तुकडे लहान असतील तर मालकाने दर थोडा जास्त सांगण्यामागे खरे कारण आहे, हेही यातून दिसते.

पेरणी, पंजी, रिकामी ट्रॉली अशा हलक्या कामात मोठा गिअर आणि कमी थ्रॉटल ठेवावे. वेग तोच राहतो, पण इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात आणि साधारण १० ते २० टक्के डिझेल वाचते. इंजिन काळा धूर ओकायला लागले किंवा दबून आवाज काढू लागले, तर गिअर एक पायरी खाली आणावा. रोटाव्हेटर आणि थ्रेशरला मात्र पीटीओच्या ५४० फेऱ्या लागतात, तिथे थ्रॉटल कमी करून चालत नाही. काही ट्रॅक्टरांना कमी इंजिन फेऱ्यांत ५४० देणारा इकॉनॉमी पीटीओ असतो. फवारणीच्या पंपासारख्या हलक्या कामाला तो वापरावा.

विकत घेण्याआधी कुठला आकडा पाहावा

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये, हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या विल्मॉट क्रोझिअर या शेतकऱ्याने घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे चालेनात. तो आमदार होता. त्याने पुढाकार घेतला आणि १९१९ मध्ये, तटस्थ चाचणीशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकता येणार नाही असा कायदा झाला. १९२० पासून तिथल्या विद्यापीठात चाचण्या सुरू झाल्या आणि शक्तीबरोबर इंधनाचा खपही छापून येऊ लागला.

भारतात हे काम मध्य प्रदेशात बुधनी इथल्या केंद्रीय संस्थेत चालते. तिच्या चाचणी अहवालात पीटीओवरची जास्तीत जास्त शक्ती किलोवॅटमध्ये आणि खप ग्रॅम प्रति किलोवॅट-तासात दिलेला असतो. त्यावरून लिटर काढणे सोपे आहे: दोन्हींचा गुणाकार करून ८३० ने भागावे. २८ किलोवॅटला २६० ग्रॅम असेल तर तासाला पावणेनऊ लिटर. दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना ग्रॅमचाच आकडा पाहावा, कारण मोठे इंजिन तासाला जास्त डिझेल घेणारच. तेवढ्या कामाला किती घेते हे ग्रॅम सांगतात. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. चाचणीची जागा प्रयोगशाळेची असते, म्हणून हे आकडे निवडीसाठी वापरावेत आणि रोजच्या हिशेबाला आपल्या वहीतले.

हंगामाचा अंदाज

समजा दहा एकरांत सोयाबीन आणि तूर घ्यायची आहे. एकराला नांगरणीचे १२ लिटर, एका पंजीचे २.३, रोटाव्हेटरचे ५.५ आणि पेरणीचे २.७, बेरीज साडेबावीस लिटर. दहा एकरांना २२५ लिटर. घरून वावरात जाणे-येणे, डिझेल भरायला जाणे आणि मधले थांबणे यासाठी १० ते १५ टक्के वर धरावे. म्हणजे अडीचशे लिटरांची तयारी. हिशेबापुरता लिटरचा भाव ९० रुपये धरला तर साडेबावीस हजार रुपये.

यातली जवळपास निम्मी रक्कम एकट्या नांगरणीची आहे. खोल नांगरणी दरवर्षी न करता दोन-तीन वर्षांआड केली, तर मधल्या वर्षी २२५ लिटरांचा हाच हिशेब १०५ लिटरांवर येतो. हरळीसारखे चिवट तण किंवा खाली कडक थर असेल तर नांगर लागतोच. तसे नसेल तर नांगर घालण्याआधी जमीन खणून पाहणे डिझेलच्या दृष्टीने फायद्याचे आहे.

वाहतुकीचा हिशेब मात्र किलोमीटरवर करता येतो. भरलेली ट्रॉली ताशी १६ किलोमीटरने चालली आणि तासाला ४ लिटर गेले तर लिटरला ४ किलोमीटर. २० किलोमीटरवरच्या बाजाराला जाताना पाच लिटर लागले. येताना ट्रॉली रिकामी असल्यामुळे थोडे कमी लागेल, पण तिथे रांगेत इंजिन चालू ठेवले तर ती बचत जाते. थ्रेशरला एकराऐवजी क्विंटल धरावेत: तासाला ५ लिटर आणि १० क्विंटल, तर क्विंटलला अर्धा लिटर.

आकडा वाढला तर

वहीत सहा रकाने पुरतात: तारीख, वावर, काम, एकर, तास, लिटर. तेच काम, तेच वावर आणि तसाच ओलावा असताना एकराचा आकडा १० टक्क्यांहून अधिक वाढला, तर काहीतरी बिघडले आहे असे समजून स्वस्त गोष्टींपासून शोध सुरू करावा. आधी एअर फिल्टर. उन्हाळवाहीच्या धुळीत तो लवकर कोंदतो आणि धूर काळा होतो. मग गळती. वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर. मग रोटाव्हेटरची झिजलेली पाती, नांगराचा बोथट फाळ, टायरची हवा, घासत राहणारा ब्रेक, घसरणारा क्लच. एवढे तपासूनही फरक पडला नाही तरच नोझल आणि डिझेल पंप मिस्त्रीकडे न्यावा.

एकराचा आकडा हाती असला की भावातल्या चढउताराचा परिणामही लगेच कळतो. डिझेल लिटरला एक रुपयाने वाढले तर नांगरणीचा एकर १२ रुपयांनी महागतो, रोटाव्हेटरचा साडेपाच रुपयांनी आणि पेरणीचा तीन रुपयांहूनही कमी. त्यामुळे सगळ्या कामांचे दर एकाच रकमेने वाढवण्यापेक्षा प्रत्येक कामाचा फरक वेगळा धरून ट्रॅक्टर मालकाने आणि वावर मालकाने मृगाच्या आधीच बोलणी करून घ्यावीत.